पावसाच्या पाण्याची वाट : भूगोल-अध्यापनाचा एक पाठ

भूगोल हा विषय आपल्या शाळांतून बहुधा नावांच्या व आकड्यांच्या रूपाने शिकविला जातो. पर्वतांची उंची, नद्यांची लांबी, राजधान्यांची नावे व पिकांच्या याद्या विद्यार्थी पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि बहुतेक वेळा विसरतात. या ज्ञानास मोल नाही, असे नाही. परंतु जीवनात जे प्रसंग माणसापुढे उभे राहतात, त्यांस तोंड देण्याचे सामर्थ्य या पद्धतीने कितपत येते, याचा विचार शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि ग्रामस्थांनीही करावयास हवा.

एक साधे उदाहरण घेऊ. मुसी ही कृष्णेची उपनदी होय. ती विकाराबादजवळील अनंतगिरीच्या टेकड्यांत उगम पावते, हैदराबाद शहराच्या मधून वाहते आणि नलगोंडा जिल्ह्यात वाडापल्ली येथे कृष्णेस मिळते, हे हैदराबादचा हुशार विद्यार्थी चटकन सांगू शकेल. परंतु ‘आपल्या शाळेच्या पटांगणावर पडलेला पाऊस कोणत्या वाटेने मुसीपर्यंत जातो ?’ असा प्रश्न विचारला, तर वर्गात उत्तर मिळणे कठीण. वास्तविक पहिल्या उत्तरावर एखाद-दुसरा गुण अवलंबून असतो. दुसऱ्या उत्तरावर घर कोठे बांधावे, विहीर कोठे खणावी आणि अतिवृष्टीच्या रात्री कोणत्या दिशेने निघावे, हे अवलंबून असते.

प्रस्तुत लेखात हैदराबादच्या पाण्याची हकिगत आधाराला घेऊन, हा दुसरा प्रश्न शाळेत कसा शिकविता येईल, याचे विवेचन केले आहे. हैदराबाद निवडण्याचे कारण असे की, पाण्याची वाट ओळखल्याने काय साधते आणि ती विसरल्याने काय ओढवते, या दोहोंची उदाहरणे या एकाच शहरात मिळतात. शिवाय मराठवाड्याचे जिल्हे १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातच होते; तेव्हा ही हकिगत मराठी वाचकास परकी वाटण्याचे कारण नाही.

हैदराबादची भूमी

हैदराबाद शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५४० मीटर उंचीवर, दख्खनच्या पठारावर वसले आहे. महाराष्ट्रातील पठाराचा मोठा भाग काळ्या बेसाल्ट खडकाचा, तर हैदराबादची भूमी ग्रॅनाइटची आहे. नांदेड जिल्ह्यातील देगलूर-बिलोलीच्या बाजूस गेल्यास बेसाल्ट संपून ग्रॅनाइटचा प्रदेश लागल्याचे डोळ्यांनाही दिसते. हैदराबादच्या आसपास एकावर एक रचून ठेवल्यासारखे वाटणारे गोलाकार प्रचंड धोंडे हे याच खडकाचे, लक्षावधी वर्षांच्या झिजेने तयार झालेले रूप होय.

ग्रॅनाइट हा कठीण खडक आहे. वरचा झिजलेला थर आणि खालच्या भेगा सोडल्यास त्यात पाणी फारसे मुरत नाही. पाऊस वर्षाकाठी सरासरी ८० सेंटीमीटरच्या आसपास, आणि तोही मुख्यतः चार महिन्यांत पडतो. जमिनीत पाणी साठत नाही आणि पाऊस वर्षभर पुरत नाही, अशा स्थितीत माणसाने काय करावे ? येथील पूर्वजांनी उताराच्या आडवे मातीचे बांध घालून तलाव निर्माण केले. तेलुगू भाषेत मोठ्या तलावास ‘चेरुवु’ व लहान तळ्यास ‘कुंटा’ म्हणतात. सोळाव्या शतकात, कुतुबशाही काळात, बांधलेला हुसेनसागर हा यांपैकी सर्वांत प्रसिद्ध. परंतु खरे महत्त्व एकेका तलावाचे नसून तलावांच्या साखळीचे आहे. वरचा तलाव भरला की त्याच्या सांडव्यावरून पडणारे पाणी ओढ्याने खालच्या तलावात येते. तो भरला की पाणी त्याच्याही खालच्या तलावात जाते. आणि शेवटी उरलेले पाणी नदीस मिळते. मुसीच्या खोऱ्यात विसाव्या शतकाच्या आरंभी सुमारे ८६० चौरस मैलांत ७८८ तलाव होते. म्हणजे दर चौरस मैलास जवळजवळ एक तलाव पडतो.

खडक, पाऊस, उतार आणि मनुष्याचे श्रम यांचा हा परस्परसंबंध म्हणजेच भूगोल होय. ‘हैदराबाद हे तलावांचे शहर आहे’ हे वाक्य पाठ करून तो कळत नाही. येथे तलाव का झाले आणि साखळीनेच का झाले, हे विद्यार्थ्याने स्वतः शोधले, म्हणजे तो कळतो.

१९०८ चा महापूर आणि एका अभियंत्याचे प्रश्न

सप्टेंबर १९०८ च्या अखेरीस मुसीच्या खोऱ्यात अतिवृष्टी झाली. शमशाबाद येथे २४ तासांत १२.८ इंच, म्हणजे सुमारे ३२५ मिलिमीटर पाऊस पडला. वरच्या बाजूचा एक तलाव फुटला की त्याचे सर्व पाणी एकदम खालच्या तलावावर येई आणि तोही फुटे. अशा रीतीने खोऱ्यातील २२१ तलाव फुटले. एरवी पूर अडवून धरणारी साखळीच तुटल्यामुळे पुराचा जोर अनेक पटींनी वाढला. २८ सप्टेंबर रोजी मुसीने शहराच्या दोन्ही तीरांवरील वस्तीत शिरून हाहाकार उडविला. नदीवरील चार पुलांपैकी तीन निकामी झाले. १५७८ साली बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. मृतांच्या संख्येविषयी वेगवेगळे अंदाज आहेत. सामान्यतः सुमारे १५,००० हा आकडा दिला जातो. अफजलगंज येथील एका चिंचेच्या झाडावर चढून सुमारे दीडशे माणसांनी प्राण वाचविले, असे सांगतात.

या आपत्तीनंतर हैदराबाद सरकारने मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांस पाचारण केले. पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयात अभियांत्रिकी शिकलेल्या आणि मुंबई इलाख्याच्या सेवेत असताना खडकवासला येथे धरणाचे स्वयंचलित दरवाजे बसविणाऱ्या या अभियंत्याचे नाव महाराष्ट्रास सुपरिचित आहे. ते १९०९ साली हैदराबादेस आले. त्यांनी स्वतःपुढे जे प्रश्न ठेवले, ते भूगोलाच्या प्रत्येक शिक्षकाने ध्यानात घेण्याजोगे आहेत. पाऊस कोठे, किती वेळात व किती पडला ? तो किती क्षेत्रावर पडला ? वाटेत किती तलाव होते आणि त्यांतील किती फुटले ? शहरापाशी दर सेकंदास किती पाणी वाहिले ? या शेवटच्या प्रश्नाचे त्यांनी काढलेले उत्तर होते सुमारे ४,२५,००० घनफूट.

नदीच्या काठी शहराभोवती उंच भिंती बांधणे, हा उपाय कोणालाही सुचला असता. विश्वेश्वरय्या यांनी दृष्टी नदीच्या वरच्या अंगाकडे वळविली. पूर शहरात दिसतो, परंतु तो तयार होतो शहराबाहेर, पाणलोट क्षेत्रात. म्हणून तेथेच मोठे जलाशय बांधून पुराचे पाणी काही काळ अडवावे आणि मग ते बेताबेताने सोडावे, ही त्यांची मुख्य शिफारस होती. त्यानुसार मुसीवर उस्मानसागर हा जलाशय १९२० साली व तिची उपनदी इसी हिच्यावर हिमायतसागर १९२७ साली पूर्ण झाला. पुरापासून संरक्षण आणि पिण्याचे पाणी हे दोन्ही हेतू त्यांनी साधले. तसेच नदीकाठच्या सुधारणेसाठी व शहराच्या पुनर्रचनेसाठी १९१२ साली नगर सुधारणा मंडळ स्थापन करण्यात आले.

अहवालातील ज्ञान आणि लोकांतील ज्ञान

येथपर्यंतची हकिगत यशाची आहे. पुढील भाग मात्र विचार करावयास लावणारा आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात हैदराबाद झपाट्याने वाढले. दगडी जलाशय जागेवर राहिले. परंतु लहान तलाव, त्यांना जोडणारे ओढे आणि सांडव्यांच्या वाटा यांवर घरे, रस्ते व वसाहती उभ्या राहिल्या. तलावाच्या पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीस तेलंगणाच्या महसुली भाषेत ‘शिखम’ म्हणतात. वर्षातील आठ महिने ही जमीन कोरडी दिसते. म्हणून ती रिकामी जमीन आहे, असा समज होतो. प्रत्यक्षात ती पाण्याची राखीव जागा असते.

२४ ऑगस्ट २००० रोजी हैदराबादेत २४ तासांत २४१.५ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि अनेक वसाहती पाण्याखाली गेल्या. १३ व १४ ऑक्टोबर २०२० रोजी पुन्हा अतिवृष्टी झाली. त्या वेळी शहराच्या दक्षिण भागातील पल्ले चेरुवु आणि पाठोपाठ गुर्रम चेरुवु या तलावांचे बांध फुटून खालच्या बाजूच्या वस्त्या जलमय झाल्या. १९०८ साली मुख्य संकट नदीच्या काठी होते. २००० व २०२० साली नदीपासून दूर राहणाऱ्या अनेकांच्या घरातही पाणी आले. कारण ही घरे नदीच्या नव्हे, तरी पाण्याच्याच वाटेवर होती.

पाण्याची ही वाट कोणासच ठाऊक नव्हती काय ? तसे नाही. १९०९ च्या अहवालात तलावांची मोजदाद होती; महसूल खात्याच्या नकाशांत शिखम जमिनी दाखविलेल्या होत्या; भारतीय सर्वेक्षण विभागाच्या नकाशांत ओढे काढलेले होते. ज्ञान कागदावर होते. परंतु भूखंड विकत घेणाऱ्या सामान्य कुटुंबास ते वाचता येत नव्हते. ‘या जागेच्या वर किती पाणलोट आहे?’ हा प्रश्न विचारावा, हेच त्याला कोणी शिकविले नव्हते. कायदा आणि प्रशासन यांची जबाबदारी मोठी आहेच, आणि दुर्बल कुटुंबास अनेकदा धोक्याची जागा ठाऊक असूनही तेथेच राहावे लागते, हेही विसरता येत नाही. तथापि ज्या समाजातील प्रत्येक मुलास आपल्या गावाच्या पाण्याची वाट दाखविता येते, त्या समाजात ती वाट गुपचूप बुजविणे कठीण होते. शाळेतील भूगोलाचे खरे कार्य येथे आहे.

हीच गोष्ट अन्य आपत्तींनाही लागू पडते. दख्खनचे पठार हा प्राचीन व स्थिर भूभाग आहे, असे पिढ्यान्‌पिढ्या शिकविले गेले. परंतु ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयना येथे आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात विनाशकारी भूकंप झाले. किल्लारीच्या भूकंपात हजारो माणसे झोपेतच दगावली. त्यास मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि जड माळवदे हे एक प्रमुख कारण होते. ‘स्थिर’ या शब्दाचा अर्थ भूकंप क्वचित होतात एवढाच आहे, ते होतच नाहीत असा नाही, हे सांगणे आणि त्याचा घराच्या बांधणीशी संबंध जोडून देणे, हे दोन्ही भूगोलाच्या तासाचेच काम होय.

पाच प्रात्यक्षिक पाठ

पुढील पाठांसाठी खर्चिक साहित्य लागत नाही. इयत्ता पाचवीपासून पुढे, विद्यार्थ्यांच्या वयानुसार कमीअधिक खोलीने ते घेता येतील.

पहिला पाठ : पाऊस मोजणे. सरळ उभ्या बाजूंचा व सपाट तळाचा डबा झाडे व भिंती यांपासून दूर, मोकळ्या जागी घट्ट बसवावा. दररोज सकाळी साडेआठ वाजता त्यातील पाण्याची खोली पट्टीने मिलिमीटरमध्ये मोजून वहीत लिहावी आणि डबा रिकामा करावा. हवामान खात्याची नोंदही याच वेळी घेतली जाते. नोंदीनंतर गणित करावे. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी. शाळेचे पटांगण ५० मीटर लांब व ४० मीटर रुंद असेल, तर त्यावर १०० मिलिमीटर पावसात दोन लाख लिटर पाणी पडते. म्हणजे दहा हजार लिटरचे वीस टँकर. उन्हाळ्यात एका टँकरची वाट पाहणाऱ्या गावातील मुलांनी हे उत्तर स्वतः काढले, म्हणजे पाणी अडविण्याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही.

दुसरा पाठ : उतार शोधणे. पाऊस थांबताच विद्यार्थ्यांस घेऊन पटांगणावरील पाण्याच्या धारेमागोमाग चालावे. ती कोणत्या गटारास, ते गटार कोणत्या ओढ्यास आणि तो ओढा कोणत्या तलावास वा नदीस मिळतो, हे पाहून प्रत्येकाने साधा नकाशा काढावा. पूर आलेला असताना ओढ्याजवळ मुलांना नेऊ नये. पाणी ओसरल्यावर दुसऱ्या दिवशी जावे आणि भिंतींवर, झाडांवर उरलेल्या पुराच्या खुणा पाहाव्यात. गवंडी वापरतात ती पाण्याने भरलेली पारदर्शक नळी घेतली, तर दोन ठिकाणांच्या उंचीतील फरकही मोजता येतो.

वर्गात तलावांच्या साखळीचे प्रात्यक्षिक दाखवावे. तिरप्या फळीवर ओल्या मातीचे तीन बांध एकाखाली एक घालावेत व प्रत्येकास एका बाजूने लहानसा सांडवा ठेवावा. वरून हळूहळू पाणी सोडल्यास ते सांडव्यांवरून शांतपणे उतरते. मग मधल्या बांधाचा सांडवा मातीने बुजवून पुन्हा पाणी सोडावे. मधला बांध फुटतो आणि त्याचा लोंढा खालचा बांधही घेऊन जातो. १९०८ आणि २०२० या दोन्ही वर्षी काय घडले, हे समजण्यास यानंतर वेगळे व्याख्यान लागत नाही.

तिसरा पाठ : नकाशावाचन. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० प्रमाणाच्या स्थलदर्शक नकाशावर दोन सेंटीमीटर म्हणजे जमिनीवरील एक किलोमीटर होय. त्यावर प्रथम आपले गाव, मग ओढे, मग समोच्चरेषा शोधाव्यात. समोच्चरेषा जवळजवळ असतील तेथे उतार तीव्र, आणि दूर असतील तेथे सौम्य. गावाच्या वरच्या अंगास जेथे पाणी दोन दिशांना वाटले जाते, ते सर्व बिंदू जोडले की पाणलोट क्षेत्राची सीमा मिळते.

या नकाशांमागील श्रमांची कथाही मुलांना अवश्य सांगावी. भारताच्या महान त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रमुख विल्यम लॅम्टन यांनी १८१५ साली बीदरजवळ पायारेषा मोजली. जॉर्ज एव्हरेस्ट हे १८१८ साली त्यांचे साहाय्यक म्हणून हैदराबादेस येऊन मिळाले. कामावर असतानाच १८२३ साली लॅम्टन यांचे वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे निधन झाले. तेथे त्यांची समाधी आहे. आज हैदराबादेतच राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्र कार्य करते आणि उपग्रहांनी टिपलेली चित्रे ‘भुवन’ या संकेतस्थळावरून शाळांनाही पाहता येतात. जेथे संगणकाची सोय आहे, तेथे आपल्या गावाचे उपग्रहचित्र आणि जुना नकाशा शेजारी ठेवून, कोणता ओढा वा तळे नाहीसे झाले, हे शोधण्यास सांगावे.

चौथा पाठ : गावांची नावे आणि वृद्धांच्या आठवणी. नाव हाही एक पुरावा असतो. हैदराबादेत नल्लाकुंटा हे नाव ‘काळे तळे’ असे सांगते. मासाब टँक येथे आज तलाव नाही, पण नावात तो उरला आहे. गच्चीबावली, पुतलीबावली ही नावे तेथील बावडीची, म्हणजे विहिरीची, आठवण देतात. आपल्याकडेही तळेगाव, बारव, ओढा, डोह, पाणवठा अशा शब्दांवरून पडलेली स्थलनामे व शेतांची नावे गावोगाव सापडतात. विद्यार्थ्यांनी अशा नावांची यादी करावी आणि आजी-आजोबांना विचारावे : पूर्वी पाणी कोठपर्यंत चढले होते ? कोणती विहीर दुष्काळातही आटली नाही ? कोणता ओढा बुजला ? ज्या गोष्टी दप्तरात नाहीत, त्या अशा संभाषणातून हाती येतात आणि वडीलधाऱ्यांनाही आपल्या अनुभवाचा आदर झाल्याचे समाधान लाभते.

पाचवा पाठ : पाण्याचा ताळेबंद. गावातील ठरावीक विहिरींची पाणीपातळी दर महिन्याच्या एका निश्चित दिवशी मोजून आलेख काढावा. दोर, वजन व मोजपट्टी एवढे साहित्य पुरते. मात्र हे मोजमाप मोठ्या माणसांच्या देखरेखीखालीच करावे. पावसाचा आलेख आणि विहिरींचा आलेख एकाखाली एक मांडला की, पाऊस पडल्यानंतर किती दिवसांनी विहिरीस पाणी येते आणि उपसा किती झाला की ते ओसरते, हे दिसू लागते.

हे केवळ शाळकरी खेळ आहेत, असे कोणास वाटेल. परंतु २००३ पासून काही वर्षे तत्कालीन आंध्र प्रदेशातील महबूबनगर, नलगोंडा, अनंतपूर आदी सात जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी स्वतः पाऊस व विहिरींची पातळी मोजून, उपलब्ध पाण्याप्रमाणे रब्बीची पिके ठरविण्याचा प्रयोग केला. फारसे न शिकलेल्या स्त्री-पुरुषांनी नोंदी ठेवल्या, त्या गावाच्या भिंतीवर सर्वांसाठी मांडल्या आणि पुष्कळांनी जास्त पाण्याची पिके कमी केली. त्यांच्यावर कोणी सक्ती केली नव्हती. पाणी किती आहे, हे त्यांना प्रथमच आकड्यांत दिसले होते. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार या गावानेही कमी पावसाच्या प्रदेशात पाण्याचा वार्षिक ताळेबंद मांडून पीकपद्धती ठरविली, हे महाराष्ट्रात सर्वश्रुत आहे. प्रौढांना जे उशिरा शिकावे लागले, ते मुलांना वेळेवर शिकविणे शक्य आहे.

नकाशावरही आंधळा विश्वास नको

येथे एका परदेशी अनुभवाचा उल्लेख उपयुक्त ठरेल. जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर कामाइशी नावाचे शहर आहे. ११ मार्च २०११ रोजी तेथे प्रचंड भूकंपानंतर त्सुनामी आली. शहरात एक हजारांहून अधिक माणसे मृत वा बेपत्ता झाली. परंतु तेथील प्राथमिक व माध्यमिक शाळांतील सुमारे तीन हजार विद्यार्थ्यांपैकी जवळजवळ सर्व वाचले. तेथील शाळांत अनेक वर्षे मुलांकडून आपापल्या परिसराचे नकाशे काढून घेतले जात आणि सुरक्षित उंचवट्याकडे जाण्याच्या वाटांचा सराव केला जात असे. किनाऱ्यालगतच्या एका भागातील दोन शाळा शासकीय नकाशात धोक्याच्या क्षेत्राबाहेर दाखविलेल्या होत्या. तरीही मोठ्या मुलांनी लहानांचे हात धरून उंचवट्याकडे धाव घेतली आणि तेवढ्यावर न थांबता आणखी वर गेली. कारण, ‘नकाशा हा पूर्वीच्या अनुभवावरून केलेला अंदाज आहे, निसर्ग त्याहून पुढे जाऊ शकतो,’ हेही त्यांना शिकविलेले होते.

नकाशा वाचणे आणि नकाशाची मर्यादा ओळखणे, ही दोन्ही कौशल्ये एकाच विषयाची अंगे आहेत. पाठांतराने यांपैकी एकही येत नाही; प्रत्यक्ष परिसरात फिरून केलेल्या निरीक्षणाने दोन्ही येतात.

मूल्यमापनाचा प्रश्न

अध्यापन बदलावयाचे तर प्रश्नपत्रिकाही बदलली पाहिजे. कारण जे विचारले जाते, तेच शिकविले जाते. ‘समोच्चरेषा म्हणजे काय ?’ या प्रश्नाबरोबर एक लहानसा नकाशा देऊन, ‘दाखविलेल्या तीन जागांपैकी शाळा बांधण्यास कोणती योग्य ? कारणे द्या,’ असे विचारता येईल. ‘हैदराबादचे सरासरी पर्जन्यमान लिहा’ याऐवजी, ‘वर्षभर सरासरीएवढाच पाऊस पडूनही एखाद्या गावी एकाच वर्षी पूर व टंचाई दोन्ही कशी येऊ शकतात ?’ असा प्रश्न अधिक उपयुक्त ठरेल. क्षेत्रभेटीची वही, पर्जन्यनोंदी आणि काढलेला नकाशा यांस अंतर्गत गुणांत स्थान द्यावे. नोंद सुबक आहे की नाही यापेक्षा ती प्रामाणिक आहे की नाही, हे पाहावे. एखाद्या दिवशी मोजणी राहिली, तर ती जागा रिकामी सोडण्याची सवय लावावी. अंदाजाने आकडा भरणे ही लहान चूक वाटते. पण अशाच आकड्यांवर पुढे बांध व पूल बांधले जातात.

अडचणी आणि प्रत्येकाचा वाटा

शिक्षकांच्या अडचणी खऱ्या आहेत. तासिका चाळीस मिनिटांची, वर्गात मुले पुष्कळ, पाठ्यक्रम पूर्ण करण्याची घाई आणि मुलांना बाहेर नेण्याची जबाबदारी मोठी. म्हणून वरील पाचही पाठ एकदम सुरू करण्याचा आग्रह नाही. पहिल्या वर्षी फक्त पर्जन्यमापन करावे. त्यास रोज पाच मिनिटे लागतात. दुसऱ्या वर्षी शाळेच्या आवाराचा उतार आणि पाण्याची वाट, तिसऱ्या वर्षी विहिरी, असे क्रमाने जावे. एका शाळेच्या दहा वर्षांच्या सलग नोंदी झाल्या, तर त्या गावाच्या मोलाच्या ठेव्याइतक्या उपयोगी पडतील.

अधिकाऱ्यांनी यात पुढील साहाय्य करावे. तालुक्याच्या ठिकाणी असलेले स्थलदर्शक नकाशे व भूमी अभिलेख कार्यालयातील गाव नकाशे यांच्या प्रती शाळांना मिळवून द्याव्यात. महसूल मंडळांच्या पर्जन्यनोंदी व भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरींची माहिती शाळेस कळवावी, म्हणजे विद्यार्थ्यांना आपल्या नोंदी पडताळून पाहता येतील. केंद्रस्तरीय शिक्षक परिषदांतून एखादी बैठक वर्गात न भरविता ओढ्याच्या काठी भरवावी.

ग्रामस्थांचा वाटाही तितकाच महत्त्वाचा आहे. आपल्या विहिरीवर मुलांना मोजणी करू द्यावी. जुन्या पुरांच्या व दुष्काळांच्या आठवणी त्यांना सांगाव्यात. वर्षातून एकदा ग्रामसभेत विद्यार्थ्यांचा नकाशा व आलेख मांडण्यास पंधरा मिनिटे द्यावीत. ग्रामसभेपुढे नवीन इमारत, रस्ता वा वसाहत यांची जागा ठरविण्याचा विषय असेल तेव्हा तो नकाशा समोर ठेवून एकच प्रश्न विचारावा : येथून पाणी कोणत्या वाटेने जाते ? ज्या घरच्या मुलाने तो नकाशा काढला असेल, त्या घराला या प्रश्नाकडे दुर्लक्ष करता येणार नाही.

विश्वेश्वरय्या यांच्यासारखे अभियंते शतकात एखाददुसरेच होतात. मात्र त्यांनी विचारलेले प्रश्न विचारण्यास असामान्य बुद्धी लागत नाही. पाऊस किती, क्षेत्र किती, वाट कोणती आणि वाटेत काय, हे सातवीतील मुलास समजण्यासारखे आहे. येत्या पावसाळ्यापूर्वी प्रत्येक शाळेच्या आवारात सपाट तळाचा एक डबा आणि वर्गात एक कोरी वही ठेवता येईल. जूनच्या पहिल्या पावसाची नोंद त्या वहीच्या पहिल्या ओळीत पडावी, एवढ्यापासून या कार्यास आरंभ करण्यास हरकत नाही.